फौजींनी माफ केलं नाही

फौजींनी आयुष्यात कुणाला माफ केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शेजारच्या चहावाल्यानं एकदा त्यांचा पाना मागून नेला आणि त्या पान्याचं तोंड फाकवून परत आणून दिला. तेव्हापासून फौजी रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर चहा प्यायचे. माझी त्यांची ओळख झाली तेव्हा या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती. चहावाला रोज हाक मारायचा आणि फौजी रोज ऐकू न आल्यासारखे पलीकडे जायचे. "मानूस चांगला हाय," ते म्हणायचे, "पर पाना नासवला त्यानं."

ते मूळचे माण तालुक्यातले. सैन्यातली सगळी वर्षं ट्रकचे ब्रेक दुरुस्त करण्यात गेलेली. निवृत्तीनंतर साताऱ्यात पत्र्याच्या खोलीत त्यांनी सायकलचं दुकान टाकलं. पुढे डॉक्टर, इंजिनिअर मंडळींना सायकलवरून घाट चढायची हौस आली, त्यांच्या महागड्या सायकलींना तारेऐवजी तेलावर चालणारे ब्रेक आले, आणि बाकीच्या मिस्त्र्यांनी हात वर केले. फौजींनी आधी स्वतःसाठी तशी एक सायकल घेतली, सवयीनं तिच्या ब्रेकमध्ये ट्रकच्या ब्रेकचं तेल ओतलं आणि आतली रबरं फुगवून ब्रेक पार निकामी केला. या ब्रेकला खनिज तेलच लागतं हे त्यांना असं कळलं. त्या दिवसापासून ट्रकच्या तेलाची बाटली दुकानात आणायची नाही, असा नियम झाला. स्वतःलाही त्यांनी माफ केलेलं नव्हतं.

नव्या सायकलीचे ब्रेकचे पाइप गरजेपेक्षा लांब असतात. हँडलपुढे लोंबतात आणि झुडपात अडकतात. ते आखूड करणं हे फौजींचं खास काम. मालकाला सीटवर बसवायचं, हँडल दोन्ही बाजूंना पार टोकापर्यंत फिरवायला लावायचं, पाइपला दोऱ्यानं खूण करायची आणि चहाला निघून जायचं. परत येऊन पुन्हा मोजायचं आणि मगच पातं चालवायचं, तेही अगदी काटकोनात. कापलेल्या टोकावर पितळेचा एक छोटा मणी चढतो. नट आवळला की तो दबून पाइपला घट्ट चावतो. जुना मणी वाया कशाला घालवायचा, असं कुणी म्हटलं की फौजी त्याच्याकडे नुसते बघत. "मनी एकदाच चावतो. दुसऱ्यांदा नुसता बसतो."

मी कॉलेजात गणित शिकवते. रविवारी त्यांच्या बाकड्यावर बसून हे बघणं हा माझा आवडता उद्योग होता. ते मला 'पोरी' म्हणायचे.

आमच्या सायकल ग्रुपच्या अध्यक्षांचं सांगलीत सायकलींचं शोरूम आहे. काचेचं, गारेगार. एकदा फौजी गावच्या यात्रेला गेले होते आणि मी माहेरी सांगलीला. माझ्या पुढच्या ब्रेकचा पाइप आखूड करायचा होता. आठवडाभर थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण अध्यक्ष म्हणाले, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मी सायकल दिली. खरोखरच अर्ध्या तासात ती परत मिळाली.

पुढच्या रविवारी यवतेश्वरचा घाट उतरताना वळणावर ब्रेक दाबला, तो हँडलला जाऊन टेकला. मी कठड्यावर आदळले आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. अध्यक्षांनीच मला त्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तिथं सगळ्या ग्रुपसमोर ते म्हणाले, "त्या फौजीकडे जातेस ना? ट्रकचं तेल घातलं असणार त्यानं. ट्रकवाला माणूस." पाइप कुणी कापला होता हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. ज्याच्या गाडीतून आले त्याच्या तोंडावर कसं बोलायचं, या भिडेपायी मी गप्प बसले. संध्याकाळपर्यंत अध्यक्षांनी पाठवलेला ट्रकच्या तेलाचा निरोप साताऱ्यातल्या प्रत्येक सायकलवाल्याच्या मोबाइलवर पोचला होता.

दीड महिन्यानं हात गळ्यात अडकवून मी फौजींकडे गेले. दुकानात एकही सायकल नव्हती. त्यांनी माझा ब्रेक उघडला. पाइपचं टोक तिरकं होतं आणि मणी जुनाच होता.

"कुनी कापलं हे?"

मी सांगितलं.

"हितं कुनाला बोललीस?"

"नाही."

त्यांनी सगळं पुन्हा होतं तसं जोडून ठेवलं. "रविवारी घाटाखाली या, मॅडम," ते म्हणाले. ते 'मॅडम' मला हाडापेक्षा जास्त दुखलं.

रविवारी घाटाखालच्या पोह्यांच्या गाडीपाशी सगळा ग्रुप जमला होता. फौजींनी बाकावर वर्तमानपत्र पसरलं, शेजारी पाण्याचा पेला ठेवला आणि पाना माझ्या हातात दिला. "बोलायचं तुमी. मी नुसतं बसनार." एका हातानं मी नट सोडला. मणी आणि ते तिरकं टोक सगळ्यांना दाखवलं आणि कोणत्या शोरूममध्ये कापलं ते सांगितलं. ब्रेकमध्ये उरलेलं तेल पेल्यात ओतलं. ट्रकचं तेल असतं तर पाण्यात मिसळून गेलं असतं. हे वर तरंगत राहिलं. लोक वाकून वाकून बघत होते. अध्यक्षांच्या बशीतले पोहे तसेच होते, आणि खोटं कशाला सांगू, ते बघून मला फार बरं वाटलं. आजही आठवलं की बरं वाटतं.

"दुकानातल्या पोरांकडून चुकलं असेल," अध्यक्ष म्हणाले आणि हात जोडून फौजींकडे वळले. "माफ करा."

"माफी नगं," फौजी बसल्या जागेवरून म्हणाले. "ज्या मोबाइलवरनं पाठवलं, त्याच मोबाइलवरनं पाठवा. आत्ता. आन् मोठ्यानं वाचा."

अध्यक्षांना स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं वाचावी लागली. मागच्यांना ऐकू आलं नाही, म्हणून फौजींनी ती दोनदा वाचायला लावली. महिन्याभरात दुकानात पुन्हा सायकली टेकल्या.

माझा हिशेब मात्र वेगळा होता. त्यानंतर फौजींनी माझ्या सायकलला हात लावला नाही. बाकड्यावर जागा दिली, हत्यारं दिली, पण काम माझं मी करायचं. चुकलं की ते पान्याच्या टोकानं चूक दाखवायचे. पहिले चार पाइप मी वाया घालवले. अशी तीन वर्षं गेली.

मग एका सकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, माझ्या सायकलचा पाइप आखूड करायचाय. माझा हात थरथरतोय."

मी त्यांना सीटवर बसवलं, हँडल फिरवायला लावलं, दोरा बांधला आणि चहाला गेले. परत येऊन मोजलं आणि कापलं. नवा मणी बसवून तेल भरलं. एकदाही पाना पुढे आला नाही. त्यांनी ब्रेक दाबूनसुद्धा बघितला नाही. सायकल टेम्पोत घातली आणि आम्ही दोघं घाटमाथ्यावर गेलो.

उतारावर निघताना मी विचारलं, "फौजी, आता तरी माफ केलंत का?"

"न्हाई."

"मग ब्रेक माझ्या हाती कसा दिला?"

"राग तुमच्या तोंडावर हाय. हातावर न्हाई." एवढं बोलून ते घाट उतरायला लागले.

त्याच हिवाळ्यात फौजी माणमध्ये त्यांच्या गावी वारले, झोपेतच. शेवटपर्यंत त्यांनी मला माफ केलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे माफी पुन्हा मागितली नाही. परवा कॉलेजात प्रयोगशाळेतलं एक यंत्र मोडलं. प्राचार्य साहेबांनी ते शिपाईमामांच्या नावावर ढकललं. स्टाफरूममध्ये सगळे चहा पीत होते, आणि यंत्र कुणी मोडलं ते आम्हा चौघांना माहीत होतं. मी कप खाली ठेवला आणि उभी राहिले.