यमुनाबाईंची टिचकी

बाळंतिणीची चौकशी करण्याआधी दवाखान्यातल्या नर्स यमुनाबाई तिच्या बाळाच्या तळपायाला टिचकी मारायच्या. चांगली सणसणीत. बाळ कळवळून रडलं की त्यांचा चेहरा खुलायचा आणि मग आईकडे वळून त्या विचारायच्या, "काय गं, जेवलीस का?" माझ्या मुलाला त्यांनी पहिल्यांदा टिचकी मारली तेव्हा माझ्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. जन्माला येऊन अर्धा दिवस न झालेल्या जिवाला मारायचं? मनातल्या मनात मी त्यांना कैदाशीण म्हणून मोकळी झाले.

"रडणाऱ्या पोराची काळजी घरच्यांनी करावी," त्या म्हणाल्या. "मला गप्प पोर दाखवा."

सोलापुरात त्या काळी दवाखान्यात बाळंत व्हायला जाणं म्हणजे लोकांच्या लेखी मरायलाच जाणं. पण आमचे हे शाळामास्तर, सुधारणेचं वारं प्यायलेले. त्यांनी टांगा आणला आणि मला बायकांच्या दवाखान्यात नेलं. तिथे काय काय होतं, हे मला कुणी, अगदी कुणीही सांगितलं नव्हतं. आल्या आल्या यमुनाबाईंनी माझं लुगडं सोडायला लावलं, एनिमा दिला आणि मी लाजेनं मान खाली घातली तर म्हणाल्या, "लाज बाहेर चपलांपाशी ठेवायची. जाताना आठवणीनं घेऊन जा." बाळ झालं, ते निळसर, पांढऱ्या लोण्यानं माखलेलं, डोकं दुधीभोपळ्यासारखं लांबट. मला वाटलं, संपलं सगळं, आपल्याला काहीतरी भलतंच झालं. "सगळी अशीच येतात," त्या म्हणाल्या. "राजाची बी." बाळ झालं तरी कळा थांबेनात, तेव्हा तर आत दुसरं आहे की काय म्हणून मी हंबरडाच फोडला. वार पडायची राहिली होती, त्या पोटभर हसल्या.

ह्यांचीही गत माझ्यासारखीच. सोयर असताना, बारशाच्या आधी बापानं मूल हातात घ्यायचं हे कुणी ऐकलंय? यमुनाबाईंनी दारात गाठून उघडंनागडं पोर त्यांच्या हातांवर ठेवलं. मास्तरांची टोपी तिरकी झाली, चेहरा खडूसारखा पांढरा. "मास्तर, पाटी न्हाई ती, फुटायची न्हाई," बाई म्हणाल्या. सुधारणा तोंडानं बोलणं वेगळं आणि हातांवर पेलणं वेगळं, हे त्या दिवशी ह्यांना कळलं.

यमुनाबाई मोडनिंबकडच्या. लहानपणीच विधवा झालेल्या, भावानं हट्टानं पुण्याला पाठवून नर्स केलेल्या. एरवी त्या शहरी मराठी बोलत. राग आला, थट्टा सुचली किंवा जीव कळवळला की गावची बोली वर येई. गोड बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मरणारीला मरणार म्हणून सांगत. खोटं बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.

माझ्याजवळ आई राहिली होती. आई गिरणीत रिळावर काम करणारी, विधवा. तिच्या पोटची जगलेली मी एकटी. पोर फार रडे. तिसऱ्या दिवशी रात्री मात्र ते एकदम शांत झालं. शेजारच्या खाटेवरची म्हणाली, "काय शहाणं बाळ हो!" आई कौतुकानं हसली. मीही निवांत डोळे मिटले. आपलं पोर गुणाचं निघालं, या आनंदात मी होते.

सकाळी यमुनाबाई आल्या आणि त्यांनी टिचकी मारली. बाळ हललं नाही. दुसरी मारली, जोरात. नाही. त्यांनी त्याची पापणी उचलून पाहिली आणि माझ्या आईकडे वळल्या. "काय दिलंत? खरं बोला!"

"बाळगोळी," आई चाचरत म्हणाली. "येवढीशी. लेकीला इसावा नगं का? आमच्या चाळीत समद्याच देत्यात. गिरनीत जाताना पोराला गोळी चाटवायची, भोंगा हुईस्तवर झोपतंय."

"अफू हाय त्यात! अफू!" बाई ओरडल्या आणि पोर उचलून धावत सुटल्या.

मी खाटेवरून उठले आणि भिंतीला धरून उभी राहिले. माझ्या आईनं? माझ्या पोराला? दारूची बाटली बघूनही कानाला हात लावणारी माझी आई, तिनं अफू दिली? लेडी डॉक्टरांनी नळीनं पोट धुतलं. मग दिवेलागणीपर्यंत यमुनाबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या. गार फडकं लावायचं, चोळायचं, टिचक्या मारायच्या, श्वास मंदावला की तोंडाला तोंड लावून फुंकायचं. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. संध्याकाळी पोरानं टाहो फोडला. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

आई कोपऱ्यात बसली होती. ती उठली आणि यमुनाबाईंपुढे येऊन उभी राहिली. "बाई, हिच्या पाठीवर मला दोन लेकरं झाली. दोगंबी झोपंत गेली. कामावरनं आले तर गार. सटवाईनं नेली म्हनले समदे." तिनं बाळाकडे बघितलं. "म्या त्यास्नीबी गोळी देत हुते."

मी यमुनाबाईंकडे पाहत राहिले. आता या बाई फाडकन खरं सांगणार आणि माझी आई इथेच कोसळणार.

"गोळीनं न्हाई गेली," यमुनाबाई म्हणाल्या. "ताप आला आसंल."

"ताप नव्हता बाई. म्या कपाळ बघितलं हुतं की."

"आतला ताप हाताला लागत न्हाई, मावशी. बसा. नातू घ्या मांडीवर."

घरी निघताना मी त्यांना हळूच विचारलं, "बाई, आतला ताप असा खरंच असतो?"

"नसतो," त्या म्हणाल्या. "तिला सांगशील तर बघ."

मी सांगितलं नाही. पुढे आईनं चाळीत दारोदार फिरून त्या गोळ्यांवर तोंड सोडलं, बायकांच्या शिव्या खाल्ल्या, दोघी-तिघींच्या हातून गोळ्या हिसकावून मोरीत टाकल्या. यमुनाबाईंच्या त्या बोलण्याचं मात्र तिनं कधी नाव काढलं नाही. तिचा त्यावर विश्वास बसला, असंच मी धरून चालले.

काही वर्षांनी यमुनाबाई विषमज्वरानं गेल्या. मी आईला सांगायला गेले तेव्हा ती ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"लई मोठी बाई," ती म्हणाली. "माझ्यापायी खोटं बोलली."

"म्हणजे तुला...?"

"आतला ताप म्हनं! मी काय येडी हाय व्हय? तवाच कळलं हुतं." मग तिनं पदर तोंडाशी धरला. "पर तिच्या म्होरं रडले आसते, तर तिचं खोटं वाया गेलं आसतं की गं."

आणि मग ती रडली. "नामा रं, माझ्या शिरप्या रं," म्हणत छाती पिटून रडली. माझ्या भावांची नावं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.