ओसरीवरची फळी

ठाण्याच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो तेव्हा दर रविवारी दुपारी ओसरीवर लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवू लागलो. मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. आत कपाटभर पुस्तकं आणि बाहेर टेंभी नाक्यापर्यंत उनाडणारी पोरं, हे मला पाहवेना, एवढंच.

पहिल्याच रविवारी गंमत झाली. पुस्तक वाचणार म्हणजे पोथीच असणार, अशी आयांची समजूत. त्यांनी मुलांना न्हाऊमाखू घालून, हातात झेंडूची फुलं देऊन पाठवलं. कोल्ह्याची गोष्ट संपली तरी एकही पोर उठेना. सगळ्यांनी उजवे हात पुढे केलेले. पोथीनंतर प्रसाद मिळतो, तो हवा होता! मी धावत जाऊन फुटाणे आणले आणि मग तो शिरस्ताच पडला.

आत वर्तमानपत्रं वाचणाऱ्या मंडळींना आमची हसाहशी सोसेना. वाचनालयाचे चिटणीस पेशाने वकील, स्वभावाने कडक. त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात एक फळी रंगवून ओसरीवर टांगली : ‘येथे मोठ्याने बोलू नये.’ ज्यांच्यासाठी टांगली त्यांना वाचता येत नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. मीही काही कमी खट नव्हतो. पोरांना तिचा अर्थ सांगितलाच नाही.

अखेर चिटणिसांनी मला बजावलं. दसऱ्याला कचेऱ्या बंद, सगळे सभासद येतील. त्यांच्यापुढे यातल्या एका तरी मुलानं वाचून दाखवावं, नाहीतर रविवारचं हे खूळ बंद. त्या पोरांत माझा जीव अडकला होता.

मग मी पुस्तक मुलांच्या बाजूनं धरू लागलो, ओळीखाली बोट ठेवून. गोष्ट ऐन रंगात आली की बोट थांबायचं. पुढचं अक्षर कोणी सांगितल्याशिवाय कोल्हा जागचा हलायचा नाही. मग तेच अक्षर धूळपाटीवर गिरवायचं. मासळी विकणाऱ्या एका कोळणीची लेक यात सर्वांत पुढे. तिला धीर म्हणून नव्हता. कोल्ह्याचं पुढे काय झालं हे कळावं म्हणून ती अक्षरांवर अक्षरशः तुटून पडायची.

दसऱ्याच्या सकाळी मी हौसेनं सरस्वतीची पूजा मांडली. कपाटांना हार घातले, पाटावर पुस्तकं रचली, गोष्टींचं पुस्तक सगळ्यांत वर. चिटणिसांनी स्वतः हळदकुंकू वाहिलं. दुपारी सभा भरली, मुलीला पुढे बोलावलं, आणि मग आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पूजेतल्या पुस्तकाला त्या दिवशी हात लावायचा नसतो! आम्ही शिकल्यासवरल्या माणसांनी परीक्षेला नेमका तोच दिवस धरला होता.

चिटणीस म्हणाले, नाइलाज आहे, हे बंदच झालं समजा. माझं डोकं तापलं. मी तोंड उघडणार, इतक्यात मुलीनं माझं उपरणं ओढलं.

“काका, बुक राहूदे. ती फली वाचू?”

मी मान हलवली. ती खाडीवरून होडीला हाक मारावी तशा आवाजात सुरू झाली. “ये-थे. मो...” जोडाक्षरापाशी अडली. सवयीनं माझं बोट हवेतच थांबलं. “...ठ्या-ने. बो-लू. न-ये.”

मग अध्यक्ष पोट धरून हसू लागले, आणि सगळी सभा त्यांच्यामागे. चिटणीस मात्र फळीकडे बघत राहिले. “अक्षर माझंच आहे,” ते हळूच म्हणाले, आणि फुटाण्यांची पहिली मूठ त्यांनी तिच्या हातावर ठेवली. रविवार वाचला. मला इतका आनंद झाला की डोळे पुसायचंही भान राहिलं नाही.

कुंपणापाशी तिची आई मासळीची रिकामी पाटी घेऊन उभी होती. लेकीला काही वाचताना ती पहिल्यांदाच ऐकत होती.

“परत वाच गो,” ती म्हणाली.

मुलीनं परत वाचलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. कोणीही तिला गप्प केलं नाही.