कोटातले हात

नोकरी संपली की फायली निकालात निघतात, किस्से मात्र पेंडिंगच राहतात. माझ्याकडचे बरेचसे एका कोटाचे आहेत!

सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. आमच्या कोपरगावकडच्या साखर कारखान्यात मीटिंग हॉलसाठी पदाधिकाऱ्यांची तैलचित्रं काढायचं ठरलं. पेंटर नामदेव, गोदामातल्या मारुती हमालाचा मुलगा. सगळ्यांसाठी काळा कोट एकच, ऑफिसचा. कपाटाची किल्ली माझ्याकडे.

चित्र कमरेपर्यंत, हात काठीच्या मुठीवर. त्यामुळे खाली धोतर असो की लेंगा, वर सगळे बॅरिस्टर! एका डायरेक्टरच्या पोटावर कोट मिटेना.

नामदेव म्हणाला, "असू द्या साहेब, बटनं ब्रशनं लावतो."

*

व्हाइस चेअरमन चित्र पाहून भडकले. "चेअरमनच्या तोंडावर सगळा उजेड, आन् माझं निम्मं तोंड अंधारात?"

"साहेब, बोर्डाचा ठरावच तसा हाय," नामदेव म्हणाला.

ठराव मीच टाइप केला होता, त्यात उजेडाचा उल्लेखही नव्हता!

*

साहेब लोक चेहऱ्यापुरते अर्धा तास बसत. उरलेल्या धडासाठी कोट घालून मारुती बसे, तीन-तीन दिवस. त्याची उजवी करंगळी कारखान्याच्याच पट्ट्यात गेलेली. पोती उचलून बोटांची पेरं सुजलेली.

मी चेअरमनना म्हटलं, "हात जरा राकट आलेत."

"राहू द्या. निवडणुकीत बरे दिसतात. फक्त करंगळी पुरी करायला सांगा."

नामदेवनं करंगळी काढली. कारखान्यानं दिलेली तेवढीच भरपाई!

*

मारुतीची बायको पारूबाई डबा घेऊन यायची. दर वेळी मुलाला विचारायची, "नामा, ह्यांचं चित्र कवा काढतो?"

"एवढं साहेबांचं झालं की काढतो, आई."

मारुती हसायचा. "मला बंडीतच काढ बाबा. कोटात लई उकडतं."

साहेबांची रांग संपेना. दुष्काळाच्या उन्हाळ्यात मारुती गेला. घरात त्याचा एक फोटोही नव्हता.

*

तेराव्याला गेलो, तर भिंतीला कॅनव्हास टेकवलेला. बंडी होती, मुंडासं होतं. चेहऱ्याची जागा कोरी.

"जमंना भाऊसाहेब," नामदेव म्हणाला. "आबा दोन वर्सं म्होरं बसले, आन् मी निस्त्या कोटाच्या घड्या बघितल्या."

*

दुसऱ्या दिवशी पारूबाई मुलाला घेऊन ऑफिसात आली. "भाऊसाहेब, त्यो हॉल उघडा."

परवानगी नव्हती. उघडला.

तिनं एकाही चेहऱ्याकडे पाहिलं नाही. थेट चेअरमनच्या चित्रापाशी गेली. पदरानं काठीवरच्या हातांची धूळ पुसली. एकेका पेरावरून बोट फिरवत करंगळीपाशी आली आणि थांबली.

"नामा," ती म्हणाली, "ह्ये बोट ह्यांचं न्हाई. तेवढं काढून टाक."