प्लायवुडच्या गावाचा सरपंच

आमचे हे सहा वर्षं एका गावाचे सरपंच होते. गाव प्लायवुडचं, देश खोटा, पण सरपंच खरेखुरे, असं त्यांचं स्वतःचं मत. इंग्लंडात आमच्या वॉटफर्डपासून गाडीने अडीच तासांवर एक लष्करी मैदान आहे. तिथे बारा घरं, एक बाजार आणि एक विहीर उभी केली आहे. अमेरिकेचे तरुण अधिकारी परदेशी मोहिमेवर जाण्याआधी तिथे येतात आणि परक्या गावातल्या लोकांशी कसं बोलायचं, याचा सराव करतात. ते परके लोक म्हणजे आम्ही.

हे काम एका कंपनीमार्फत मिळालं. अधिकाऱ्यांना कळणार नाही अशी भाषा बोलणारी, थंडीवाऱ्यात बसून राहणारी पिकल्या केसांची माणसं त्यांना हवी होती. ह्यांनी अर्जात अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, 'दीनानाथ रेगे, कौन्सिलचा पार्किंग विभाग, एकतीस वर्षं.' म्हणजे एकतीस वर्षं लोकांच्या दंडाविरुद्धच्या तक्रारी वाचायच्या आणि नम्रपणे नाही म्हणायचं. कंपनीचा मॅनेजर गॅरेथ म्हणाला, मला असाच माणूस हवा होता. मीही बरोबर गेले, कारण समोरचा डबासुद्धा ह्यांना सापडत नाही. गावात माझी भूमिका सरपंचाच्या बायकोची. तालमीची गरज पडली नाही.

घरी ह्यांचं कोणी ऐकत नाही, मी धरून. एजवेअरला राहणारा आमचा मुलगा पुष्कर ह्यांचा फोन स्पीकरवर टाकून भांडी घासतो. आम्हाला नळ ऐकू येतो. आणि इथे सहा फुटी शस्त्रधारी माणूस हेल्मेट काढून, मांडी घालायची धडपड करत चटईवर बसायचा आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. परतीच्या वाटेवर हे गाडीत गुणगुणायचे. ते सरपंचपद गेलं तर हे हाय खातील, ही भीती मला खरीच होती.

प्रत्येक वेळी आम्हाला एकेक कार्ड मिळे. त्यावर आपण कोण, गावाचं दुखणं काय, केव्हा रागवायचं, केव्हा मानायचं, सगळं लिहिलेलं. माझं निरीक्षण असं की अमेरिकेचे अध्यक्ष बदलले की आमचं कार्ड बदलतं. आधी अधिकारी शाळा बांधून द्यायला यायचे आणि निवडणूक कशी घ्यायची ते समजावायचे. मग अध्यक्ष बदलले आणि शाळा तुमची तुम्ही बांधा, आम्ही फक्त तुमच्या पहारेकऱ्यांना कवायत शिकवतो, असं सुरू झालं. पुन्हा बदलले, तर पहिल्याच चहाला प्रश्न, गावाच्या जमिनीखाली काय आहे? चिखल आहे, मी म्हटलं. दुभाषी तनिषाने ते भाषांतर गिळून टाकलं. ही तनिषा लेस्टरची, जन्म इथलाच, एरवी फार्मसीत काम करते.

गेल्या ऑक्टोबरचं कार्ड ह्यांनी मला स्वयंपाकघरात तीनदा वाचून दाखवलं. गावची विहीर आटली आहे. अधिकाऱ्याने आपणहून विचारलं तरच सांगायचं. तो गावाजवळ चौकी बांधायला परवानगी मागेल, ती पाण्याची सोय करून देत असेल तरच, शुक्रवारी चारपर्यंत द्यायची.

अधिकारी होता लेफ्टनंट हॅलोरन, आयोवाचा, कान लालबुंद झालेले. बुधवारी त्याने चौकीच्या बदल्यात सौरदिवे देऊ केले.

"काका, ते विचारतात की गावाला लाइट्स पाहिजे का?" तनिषा म्हणाली.

"विचार करून कळवतो," हे म्हणाले.

गुरुवारी त्याने फुटबॉलचं मैदान देऊ केलं, मग रस्ता, मग दवाखान्याची गाडी. ह्यांचं उत्तर तेच. इंग्रजी येत नसल्याचं नाटक करायचं असल्यामुळे हे प्रत्येक देणगी दोन भाषांत ऐकत आणि दोन्ही वेळा नापसंतीने मान हलवत. शुक्रवारी दुपारी गॅरेथने आम्हाला बाजारामागे गाठलं. चारला होकार आला नाही तर अख्ख्या सरावाचा विचका होईल, म्हणाला, आणि पुढच्या वेळी मला दुसरा सरपंच बघावा लागेल.

"पण त्याने पाण्याचं विचारलंच नाही," हे म्हणाले.

"अहो, मग नुसतं हो म्हणा ना! खोटं गाव आहे!"

"अगं, कार्डावर लिहिलंय. विचारल्याशिवाय नाही."

एकतीस वर्षांत एका माणसाचा पार्किंगचा दंड ज्यांनी दयेने माफ केला नाही, ते पाण्याबाबत काय हलणार? मी संतापून थर्मास उघडला. साडेतीनला हॅलोरन पुन्हा आला, थकलेला. या वेळी त्याने काही देऊ केलं नाही. चहा प्यायला, कप धुवायला विहिरीशी गेला आणि आत वाकून बघत राहिला.

"काकू, ते विचारतात, तुम्ही पाणी कुठून आणते?" तनिषा म्हणाली.

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं आणि ह्यांचा बांध फुटला. कार्डावर दोन ओळी होत्या, हे वीस मिनिटं बोलले. बाया किती कोस चालतात, गुरं कशी मेली, आजोबांनी विहीर कशी खणली. आजोबा ह्यांनी तिथल्या तिथे घडवले होते. तनिषा रडत भाषांतर करत होती. हॅलोरनने सगळं वहीत लिहून घेतलं आणि महिन्यात नवी विहीर खणून देण्याचा शब्द दिला. चारला पाच मिनिटं असताना ह्यांनी त्याचा हात हातात घेतला. पद वाचलं. माझाही जीव भांड्यात पडला.

पण सराव संपला नव्हता. साडेचारला हॅलोरनच्या हातात वरून नवा कागद आला. वॉशिंग्टनचं धोरण बदललं आहे, तुकडी उद्या निघणार, सरपंचाला मंजूर मजकूर वाचून दाखवा आणि शांत ठेवा. ही त्याची शेवटची परीक्षा होती. तो चटईवर बसला आणि त्याने वाचलं, अमेरिका तुमच्या गावाच्या पाठीशी कायम उभी राहील.

"आणि विहीर?" ह्यांनी विचारलं.

याचं उत्तर कागदावर नव्हतं. हॅलोरनने कडेला उभ्या असलेल्या लष्करी परीक्षकाकडे पाहिलं. मग कागदाची घडी केली.

"नो, सर," तो म्हणाला. "विहीर होणार नाही. आमच्यापैकी कोणी परत येणार नाही. पाणी दुसऱ्या कुणाकडे मागा, आणि आजच मागा. मी शब्द द्यायला नको होता. आय ॲम सॉरी."

तनिषाने तोंड उघडायच्या आत ह्यांनी मान डोलावली. इंग्रजी न येण्याच्या सगळ्या नाटकाचे तीन तेरा, पण कोणी हसलं नाही.

सराव संपला की सरपंचाला एक फॉर्म भरावा लागतो, निकाल त्यावरच ठरतो. गॅरेथ शेजारी उभा. अधिकाऱ्याने मंजूर मजकूर सोडून काही सांगितलं का? हो म्हटलं तर हॅलोरन नापास, पुन्हा पहिल्यापासून शिक्षण. गॅरेथ हळूच म्हणाला, ते परीक्षक आपलं गिऱ्हाईक आहेत, त्यांनीही ऐकलंय, उगाच घोळ घालू नका.

ह्यांनी चष्मा पुसला. नियम म्हणजे नियम म्हणणारा माझा नवरा. मला वाटलं, आता हे 'हो' वर खूण करणार.

"मनीषा," ते मला म्हणाले, "मी एकतीस वर्षं लोकांना लिहीत होतो, तुमच्या भावनांची आम्ही गांभीर्याने नोंद घेतली आहे. एकदाही घेतली नव्हती गं."

आणि त्यांनी 'नाही' वर खूण केली. त्याखाली 'अमेरिकेची भूमिका सरपंचाला समजली का?' या प्रश्नापुढे लिहिलं, 'सहा वर्षांत पहिल्यांदा.'

हॅलोरन पास झाल्याचं तनिषाने कळवलं. मार्चमध्ये आमची नवी कार्डं आली. एजवेअरचे उदय टिपणीस सरपंच. हे, ग्रामस्थ क्रमांक चौदा. दोन शेळ्या, संवाद नाही. ह्यांनी कार्ड वाचलं, उलटून पाहिलं, मागे काही नव्हतं. मग म्हणाले, "शेळ्या खऱ्या असतील का गं?" आवाज नेहमीचाच होता, पण कार्ड हातातून खाली ठेवेनात.

मी माझं पाकीट फोडलं. कंपनीने माझी भूमिका कायम ठेवली होती. सरपंचाची बायको.

मी तिथल्या तिथे गॅरेथला फोन लावला आणि म्हटलं, बाबा रे, तुझ्या कागदात चूक झाली आहे, मी क्रमांक चौदाची बायको आहे.