शुक्रावरचं झाकण

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका मोजून पगार घ्यायचो. नोव्हेंबरात तिथे क्वालिटी मंथ साजरा व्हायचा. भाषणस्पर्धेत माझा विषय दर वर्षी एकच: शुक्रावर उतरलेलं जुनं रशियन यान. एवढं अंतर कापून ते त्या भट्टीत धड उतरलं, कॅमेऱ्याचं झाकण उडवलं, जमीन किती कठीण आहे ते बघायला हात खाली टेकवला, आणि हात पडला नेमका त्या झाकणावर! जमीन राहिली बाजूला, पठ्ठ्याने स्वतःचंच झाकण मोजलं. इथे हशा ठरलेला. मग मी आवाज खाली आणायचो, "मित्रांनो, मोजण्याआधी आपण काय मोजतोय ते बघा."

त्या वर्षी भाषण चारला होतं आणि साडेतीनला शाफ्टचा लॉट तपासणीला आला. सुटे भाग गरम पाण्याने धुणाऱ्या मशीनमधून नुकताच निघालेला, हाताला चटका बसेल इतका गरम. गरम धातू फुगतो, म्हणून गार झाल्यावरच मोजायचं, हा नियम भिंतीवर मीच चिकटवलेला.

शाफ्ट बनवणारा बीडकडचा कंत्राटी ऑपरेटर, दोन लेकरांचा बाप. परमनंट होणाऱ्यांची यादी त्याच आठवड्यात निघणार होती.

"सर, गार तर होऊ द्या की."

"आता तू मला शिकवणार का राव? भाषण आहे माझं."

मोजले. सगळे मोठे भरले. नापास मालाचा लाल टॅग लावला, त्यावर त्याचं नाव लिहिलं आणि पळालो. पहिलं बक्षीस मिळालं. टाळ्या त्यानेही वाजवल्या.

सकाळी तेच शाफ्ट पुन्हा मोजले. सगळे बरोबर! पण क्वालिटीचं पहिलं बक्षीस घेतलेल्या माणसाने हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी गुपचूप टॅग काढला आणि वहीत लिहिलं, 'दुरुस्त करून ओके'. यादी निघाली, त्यात तो नव्हता. महिनाअखेर ठेकेदाराने त्याचा गेटपासही काढून घेतला.

शेवटच्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी आला. भांडेल असं वाटलं. मी उत्तरं तयार ठेवली होती, भाषणापेक्षा जास्त घोकून.

"सर, एकच सांगा. गार झाल्यावर किती भरले?"

आकडे समोर उघड्या वहीत होते. मी वही मिटली.

"तेवढेच."

"मंग माझंच चुकलं म्हणायचं," तो म्हणाला आणि सेफ्टी शूज जमा करायला स्टोअरकडे गेला.