सावकाशरावांची भिंगरी

आमचे हे नगरपालिकेची शववाहिका चालवतात. हे ऐकलं की समोरचा माणूस "अरे वा" म्हणायला तोंड उघडतो आणि ते उघडंच राहतं. मी दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, त्यामुळे उघड्या तोंडांची मला सवय आहे. मी शांतपणे पुढे सांगते, की नोकरी पक्की आहे, गणवेश मिळतो आणि आजवर एकाही प्रवाशाची तक्रार आलेली नाही. हा विनोद यांना मुळीच आवडत नाही, पण मी तो सोडणार नाही.

खरं सांगायचं तर यांच्यासारखा ड्रायव्हर शोधून सापडणार नाही. गाडी कधी सुटली आणि कधी थांबली, मागे बसलेल्या घरच्यांना कळतसुद्धा नाही. खड्डा यांना लांबूनच दिसतो. ओव्हरटेक करायचं नाही, करकचून ब्रेक मारायचा नाही आणि हॉर्नला तर हात लावायचा नाही. डेपोतले लोक यांना सावकाशराव म्हणतात. नवीन ड्रायव्हर आला की शिकायला यांच्या शेजारी बसवतात, आणि तो बिचारा पहिल्या फेरीतच पेंगायला लागतो.

अडचण एवढीच, की सगळं गाव यांना ओळखतं. हे कुठे थांबले की आजूबाजूच्या खिडक्या उघडतात. एकदा बुटाचा बंद सुटला म्हणून यांनी रिकामी शववाहिका कडेला घेतली, ती नेमकी आमच्या गल्लीतल्या निवृत्त हेडक्लार्कच्या फाटकासमोर. हेडक्लार्क गॅलरीत पेपर वाचत होते. यांचा बंद बांधून होईपर्यंत त्यांनी बायकोला हाक मारली, रक्तदाबाची गोळी घेतली आणि कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत तेही सांगून टाकलं. पुढे कित्येक महिने ते आम्हाला बघून रस्ता ओलांडायचे.

आता सासूबाई. त्या आमच्याकडे राहतात; त्यांच्या मते आम्ही त्यांच्याकडे राहतो. सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढला, त्यामुळे दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची कला हातात आहे. यांना नोकरी लागली त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "चला, माझी सोय झाली. पण तुझ्या गाडीत मी एकदाच बसणार, आधीच सांगून ठेवते." सगळे हसले. सासरे तर ठसका लागेपर्यंत हसले.

मग काही वर्षांनी सासरेच गेले. डेपोने दुसरा ड्रायव्हर पाठवला होता. यांनी त्याला परत धाडलं आणि स्वतः गाडीवर बसले. "बाबांना दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही," म्हणाले. त्यानंतर सासूबाईंची ती थट्टा थट्टा राहिली नाही. यांच्या स्कूटरवर त्या बसेनात. भावोजींची गाडी मागून आणली, तर हे चालवणार म्हटल्यावर पायरीवरून माघारी फिरल्या. धाकटी बहीण पुलापलीकडे राहते, तिच्याकडे जायला दोन बस बदलायच्या. गुडघा दुखतो, हातात काठी. तरी बसनेच जाणार. हे त्यांना थांब्यापर्यंत चालत सोडायचे आणि बस वळेपर्यंत तिथेच उभे राहायचे.

"गावातल्या सगळ्यांच्या आयांना मी जपून नेतो," हे एकदा बुटाला पॉलिश करताना म्हणाले, "आणि माझीच आई माझ्या शेजारी बसत नाही." एवढं बोलून तोच बूट पुन्हा घासायला घेतला. मला यांची फार दया आली. मी दया दाखवली की हे चिडतात, म्हणून मी फक्त चहा टाकला.

त्यानंतर यांच्या डोक्यात गाडीने घर केलं. शववाहिका पांढरी, लांब, उंच आणि मुकी. तेव्हा आपली गाडी या सगळ्याच्या उलट हवी, असा यांनी हिशेब मांडला. तशी एक सापडलीही. ओळखीतल्या एका केस कापणाऱ्याला जुळं होणार होतं, त्यामुळे त्याची गाडी त्याला एका रात्रीत लहान झाली होती. पिवळीधमक, बुटकी, दोनच दारांची. मागे काचेवर छोटा पंख, खाली धुराची दोन नळकांडी, काळी चाकं, सीटला लाल शिवण. इंजिन तीनच सिलिंडरचं, पण आवाज असा, जणू खोडकर मांजर गुरगुरतंय. खिशाला परवडली, म्हणजे मी दोन वर्षं पडदे बदलायचे नाहीत असं ठरलं. तिचं नाव मी भिंगरी ठेवलं.

सासूबाईंना बोलावून हे बाजूला उभे राहिले. निकालाच्या दिवशी शाळकरी पोर उभं राहतं तसे. सासूबाईंनी गाडीला पूर्ण फेरी घातली. चाकाला काठी लावून बघितली, पंखावरून बोट फिरवलं. यांचा चेहरा खुलत चालला. मग त्या मागे आल्या, खटका शोधला आणि दाबला. मागचं दार सुस्कारा टाकून वर गेलं.

"अरे," त्या म्हणाल्या, "ही पण मागून उघडते की."

हे उघड्या दाराकडे बघतच राहिले. रंग बघितला, उंची बघितली, आवाज ऐकला. पण हॅचबॅकला मागून दार असतं, हे या माणसाच्या ध्यानातच आलं नव्हतं. रोज मागचं दार उघडणाऱ्या माणसाला ते वेगळं दिसणार तरी कसं! सासूबाई आत निघून गेल्या. मला हसू आवरेना आणि यांच्याकडे बघवेना, असं एकाच वेळी झालं.

बरं, घेतलीच आहे तर चालवावी. चालवणं मात्र ऐका. पहिल्या रविवारी आम्ही दोघं नदीकाठच्या रस्त्याला निघालो. भिंगरी बिचारी पुढे उडी घ्यायला टपलेली, आणि हे तिला दुसऱ्या गिअरमध्ये अशी नेताहेत, जणू मागे कुणी झोपलंय. आमच्यामागे गाड्यांची रांग लागली. कुणीही हॉर्न वाजवला नाही, कारण ड्रायव्हर कोण ते सगळ्यांना दिसत होतं. एका मोटारसायकलवाल्याने तर हेल्मेट काढून हातात धरलं. शेजारून एक सायकल पुढे गेली, तिच्यावर भाजीची पिशवी घेतलेल्या बाई होत्या.

"अहो," मी म्हटलं, "गाडीत जिवंत माणसं आहेत."

"पाय दाबतच नाही गं," हे म्हणाले. "दाबायचा म्हणतो, आणि तो वरच राहतो."

शेवटी मी यांना शेजारी बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. लायसन्स माझ्याकडेही आहे, फक्त कुणी विचारत नव्हतं. काय सांगू! क्लच लोण्यासारखा, गिअर मनगटाच्या एका झटक्यात पडतो. तिसऱ्यात जरा दाबलं की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग कुणीतरी पाठीत धपाटा घातल्यासारखी ती सुटते. चौकातल्या गोल चक्कराला मी गरज नसताना दोन वळसे घातले. सस्पेन्शन कडक आहे, खड्ड्यात गेली की कालचं जेवण आठवतं. पण वळणावर रस्ता असा धरते की सोडत नाही. हे वरचं हँडल पकडून बसले होते. दिवसभर दुसऱ्यांचे दात बघणाऱ्या बाईला एवढा आनंद कुठून मिळणार? मी घरी आले तेव्हा माझे केस उभे होते आणि मी गुणगुणत होते.

सासूबाई खिडकीतच होत्या. मी स्वयंपाकघरात शिरले तर शेंगा मोडत बसल्या होत्या, मान खाली.

"किती पळवलीस?" त्यांनी विचारलं.

"बरीच."

"आवाज आला कोपऱ्यावरून." दोन शेंगा मोडल्या. "मी एक्स्चेंजला सायकलवर जायचे. उतारावर हँडल सोडून. सुपरवायझर ओरडायचा. हा माझ्यावर नाही गेला, बापावर गेला. तेही असेच, पाण्याचा ग्लास घेऊन चालल्यासारखे."

मी जवळ बसले. "आई, मग बसा ना एकदा. तुम्ही बसावं म्हणून तर घेतलीय ती. मागचं दार आपण उघडायचंच नाही."

"दाराचं काय घेऊन बसलीस?" त्यांचे हात थांबले. "तुझ्या सासऱ्यांना नेलं तेव्हा मी त्याच खिडकीत उभी होते. गाडी निघाली. हा एवढी हळू चालवत होता, एवढी हळू, की कोपरा येईचना. मला वाटलं, जाऊ दे आता, वळू दे एकदाची. मी श्वास धरून उभी, आणि ती आपली दिसतेच आहे, दिसतेच आहे." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि लगेच माझ्यावरच डाफरल्या, "पोरगं जपून नेत होतं, त्याला काय बोलणार? पण याने गाडी सुरू केली की मला तोच कोपरा दिसतो. मला मरणाची भीती नाही गं. याच्या हळू चालवण्याची आहे."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. यांना तर मुळीच नव्हतं. मी ते सगळं रात्रीच्या जेवणानंतर यांना सांगितलं, एकही शब्द न गाळता. हे म्हणाले, "मला शिकव."

सुट्टीच्या दिवशी फर्निचरच्या मोठ्या दुकानामागचं पार्किंग रिकामं असतं. गावातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर तिथे माझ्याकडून गाडी चालवायला शिकला. मी म्हणायचे, "दाबा," हे म्हणायचे, "दाबला," आणि काटा जागचा हलायचा नाही. तिसऱ्या सुट्टीला एकदाची भिंगरी सुटली, आणि हे घाबरून "अगं अगं अगं" करत असतानाच मला यांचे सगळे दात दिसले. हॉर्नचं जास्त अवघड गेलं.

"वाजवा."

"समोर कुणी नाही."

"म्हणूनच वाजवा."

उचकी लागावी तेवढा आवाज आला. खांबापाशी झोपलेल्या कुत्र्याने एक डोळा उघडला, तर हे काच खाली करून त्याला "सॉरी" म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

आम्ही घरी चकार शब्द काढला नव्हता. पण दोन नळकांडी असलेली पिवळी गाडी काही लपून राहत नाही, आणि एक्स्चेंजमधल्या बाईपासून तर काहीच नाही. एका संध्याकाळी हे ड्युटीवरून आले, पांढरा गणवेश उतरवला आणि बाहेर येऊन बघतात तो सासूबाई दाराशी तयार. बूट घातलेले, काठी हातात, केस नीट बसवलेले.

"बहिणीकडे जायचंय," त्या म्हणाल्या. "बसला उशीर आहे."

बसला मुळीच उशीर नव्हता. हे किल्ली घ्यायला आत धावले आणि चुकून कपाटाची घेऊन आले.

गाडीशी आल्यावर मी म्हटलं, "आई, मी पुढची सीट वाकवते, तुम्ही मागे ऐसपैस बसा."

"मागे तू बस. माझी पाळी आली की मी बसेनच." आणि त्या पुढे बसल्या. बसल्या म्हणजे पडल्याच, सीट फार खाली आहे. "उतरताना क्रेन बोलवा," असं वर म्हणाल्या. मी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून मावले.

यांनी गाडी सुरू केली. आणि सवय ती सवय! भिंगरी अशी निघाली की निघाल्याचं कुणाला कळू नये. आमच्या खिडकीखालून, शेजारच्या फाटकावरून, हळू, अगदी हळू. सासूबाई समोर बघत होत्या. काठीवरच्या त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. मागून यांची मान मला दिसत होती. ती घामाने डबडबली होती. गॅलरीत हेडक्लार्क पेपर बाजूला करून उभे राहिले.

"अरे," सासूबाई म्हणाल्या. आवाज लहान होता. "मी अजून आहे."

यांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग अख्खा तळवा हॉर्नवर ठेवला आणि ठेवूनच दिला. हेडक्लार्कच्या हातातला पेपर उडाला. दुसरा गिअर, तिसरा, आणि तो धपाटा! मी मागे आपटले. कोपरा आला आणि गेला. खरंच सांगते, आला कधी आणि गेला कधी ते कळलं नाही. मग सासूबाई हसायला लागल्या. खांदे हलेपर्यंत, काठी हातातून सुटेपर्यंत हसल्या.

"परत," त्या म्हणाल्या. "वळव गाडी. तोच कोपरा."

तो कोपरा आम्ही पुन्हा पुन्हा घेतला. प्रत्येक वेळी हॉर्न. मुलं फाटकावर चढून टाळ्या वाजवायला लागली. शेवटच्या फेरीला हेडक्लार्कनीही गॅलरीतून हात हलवला, सावधपणे, पण हलवला. हे रडत होते आणि गाडी उत्तम चालवत होते.

पुलावर सासूबाईंनी काच खाली केली, वाऱ्यात डोळे मिटून बसल्या आणि जरा वेळाने यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मला नेशील ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा बाकी सगळं तुझ्या पद्धतीने ने. नियमाने, हळू. कोपऱ्यावर तेवढं दाब. ही खिडकीत उभी असेल."

ही म्हणजे मी. मी मागे बसून ओठ चावत होते.

एवढ्या वर्षांत ज्या माणसाने त्या पांढऱ्या गाडीच्या हॉर्नला हात लावला नव्हता, तो समोरच्या रस्त्यावरून नजर न काढता म्हणाला, "आणि हॉर्नही वाजवीन, आई."