वरच्या वस्तीतली बावीस मिनिटं

आमचं पौडच्या बाजारात नळ-पाइपचं दुकान आहे. गल्ल्यावर लिंबू-मिरची नाही, ताईत नाही, काही नाही. अब्बांचं म्हणणं एकच, गळती असेल तर ती कुठेतरी असतेच, शोधा म्हणजे सापडते. मीही त्याच वळणाची. त्यामुळे हे लिहिताना मला स्वतःचाच थोडा राग येतोय... पण जे झालं ते झालं.

गेल्या वर्षी मी एका सरकारी पाहणीसाठी काम करत होते. नळपाणी योजनेबद्दल लोकांचं मत घ्यायचं. घरोघर जायचं, टॅबवर प्रश्न वाचायचे, उत्तरं भरायची. आमच्यातले काही जण झाडाखाली बसून पाच-सहा फॉर्म मनानेच भरून टाकत. मी तसलं कधी केलं नाही. आणि हे मी छाती ठोकून सांगत असे, म्हणून टीममध्ये फारशी लाडकी नव्हते.

माले गावाच्या वरच्या वस्तीत गेले ती भर दुपारची वेळ. शेवटचं घर रस्त्याखालून पाणी जायच्या मोरीजवळचं. यादीत नाव किसन शेडगे. ओट्यावर पांढऱ्या सदऱ्यातले एक म्हातारे बसले होते.

"ये पोरी, बस हितं. सरकारची का तू?"

"सरकारसाठी विचारायला आलेय, काका."

"मग इचार की. आजवर कुनी इचारलंच न्हाई."

मी सगळे प्रश्न विचारले. नळ हाय, पानी न्हाई. कधीपासून? पहिल्यापासून. बोलताना उजवा हात सारखा हलवायचे. शेवटचा प्रश्न असतो, 'आणखी काही सांगायचं आहे का?' इथे माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, असा नियम. बहुतेक जण 'काय न्हाई' म्हणतात. काकांनी मात्र नीट सांगितलं, आणि मी तसंच लिहिलं –

'गावाचं पानी मीच सोडायचो. टेस्टिंगला मोरीपाशी पाइपाला टोपी बसवली, ती काडलीच न्हाई. वरनं रस्ता केला. म्या बगितलंय. सांगायचं ऱ्हाऊन गेलं.'

मी घराचा फोटो काढला, चौकटीवर खडूने नंबर टाकला आणि निघाले.

चौथ्या दिवशी सुपरवायझर गायकवाड सरांचा फोन आला. "रेश्मा, तू पण?"

काही मुलाखतींचं रेकॉर्डिंग टॅब आपोआप करतो. कोणत्या, ते आम्हाला कळत नाही. सरांनी ऑफिसात बोलावून ते ऐकवलं. माझा प्रश्न, मग शांतता. पुन्हा माझा प्रश्न, पुन्हा शांतता. मध्येच माझा आवाज, "अच्छा, म्हणजे पहिल्यापासूनच नाही?" बावीस मिनिटं मी एकटीच बोलत होते! फोटोत ओटा रिकामा, आणि दाराला भलंमोठं गंजलेलं कुलूप. ते मला तेव्हा दिसलंच नव्हतं. पडताळणीसाठी सरांनी शेडग्यांच्या मुलाला फोन लावला होता. तो म्हणाला, "वडील दोन वर्षं माझ्याकडे जांब्याला आहेत. अर्धांग झालंय, वाचा गेलीय."

भीती होतीच, पण त्याहून जास्त अपमान. खोटा फॉर्म म्हणजे नोकरी तर जातेच, शिवाय तालुक्यात पुन्हा कोणी असं काम देत नाही. सर म्हणाले, "चूक कबूल कर, मी सांभाळून घेतो."

"चूक केलीच नाही तर कबूल काय करू? मोरीपाशी खणून बघू. टोपी नसली तर उद्या टॅब परत करते."

सर यायला तयार झाले, बहुधा मला एकदाचं गप्प करायला. वस्तीतल्या सुमनताई झऱ्यावरून दोन हंडे घेऊन वर येत होत्या. ऐकून म्हणाल्या, "आमाला तर सांगित्यात, टाकीला प्रेशर न्हाई. खना की, आमचं काय जातंय!" आणि त्यांनीच नवऱ्याला कुदळ घेऊन बोलावलं.

रस्त्याच्या कडेने दोन हात खाली पाइप लागला. मोरीकडे थोडं सरकल्यावर तो संपला. तोंडावर काळी टोपी, घट्ट. वस्तीकडे जाणारा पाइप तिथून वीतभर पुढे सुरू होत होता. सुमनताई खाली बसल्या आणि त्या टोपीकडे बघून रडायलाच लागल्या. "वीतभरासाठी गं... वीतभरासाठी."

आठवड्यात जोडणी झाली, पाणी आलं. माझी नोकरी राहिली. फॉर्म मात्र बाद झाला. सरकारदरबारी ते घर 'कुलूपबंद' आहे, आणि ती टोपीची गोष्ट कोणीच सांगितलेली नाही.

मी जांब्याला गेले. न जाऊन चैनच पडेना. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाडेकरूंनी भरलेल्या इमारतीत तळमजल्याला खोली. खाटेवर तेच काका – तोच चेहरा, शपथेवर सांगते. फक्त तो उजवा हात चादरीवर निपचित पडलेला. सून म्हणाली, "परक्यांकडं बगत बी न्हाईत ते."

मी जवळ बसले. "काका, टोपी काढली. वस्तीला पाणी आलं."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात उठत नव्हता. मी माझ्या ओढणीने पुसलं.

सून चकित होऊन बघत होती. "तुमी वळखता व्हय आमच्या मामांना?"

"हो," मी म्हणाले. "बोललोय आम्ही."

कधी, कुठे, ते तिने विचारलं नाही.